कुठल्या उपकरणाला किती वीज लागते, ते घरच्या घरी कसं काढायचं

एक युनिट म्हणजे १००० वॉट एक तास. वॉट × रोजचे तास × ३० ÷ १००० केलं की महिन्याचे युनिट निघतात. ७५ वॉटचा जुना पंखा रोज १५ तास चालला तर ३३.७५ युनिट, ३० वॉटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा) पंखा १३.५. इथवर सोपं आहे. घोळ होतो तो दर लावताना.

बिलाच्या रकमेला युनिटने भागून सरासरी दर काढू नका. महावितरणचे घरगुती स्लॅब ०-१००, १०१-३००, ३०१-५०० आणि त्यापुढे असे आहेत. वापर कमी केला की कापले जातात ते सगळ्यात वरचे, महागडे युनिट. म्हणून बिलावरून आपल्या शेवटच्या स्लॅबचा वीज आकार घ्या, त्यात वहन आकार आणि त्याच स्लॅबचा इंधन समायोजन आकार मिळवा. बेरजेला १.१६ ने गुणा, कारण वीज शुल्क १६ टक्के आहे. समजा बेरीज १२ रुपये आली, तर युनिट पडलं १३.९२ रुपयांना. पंखा बदलून वाचलेले २०.२५ युनिट म्हणजे महिना सुमारे २८२ रुपये. बिल ३१० युनिटचं असेल तर मात्र यातले पहिले १०च या दराने वाचतील, बाकीचे खालच्या. स्थिर आकार धरायचा नाही. पंखा फिरो न फिरो, तो येतोच.

फ्रिज, गीझर, एसी यांना वरचं सूत्र तसंच लावलं की आकडा भलताच फुगतो, कारण ही यंत्रं मधूनमधून बंद होतात. फ्रिजच्या स्टार लेबलवरचे वार्षिक युनिट १२ ने भागा. एसीच्या लेबलवरचा आकडा १६०० तासांचा असतो: ८०० युनिट लिहिले असतील तर तासाला अर्धा. ठाण्या-वाशीच्या दमट मे महिन्यात जास्तच धरा. (दीड टन ही थंड करण्याची क्षमता, विजेचा वापर नव्हे.) गीझरचं पाण्यावरून काढा. १५ लिटर पाणी २५ वरून ५५ अंशांवर न्यायला अर्ध्या युनिटहून किंचित जास्त वीज लागते. २००० वॉटच्या गीझरला साधारण १६ मिनिटं.

खात्री हवी तर मीटर विचारा. मीटरवर ३२०० इम्प/केडब्ल्यूएच असं काही छापलेलं असतं, म्हणजे लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. सोसायटीत मीटर तळमजल्यावर असतात, तेव्हा एकाने खाली, एकाने घरात, फोन चालू. आधी मीटर क्रमांक बिलाशी जुळवा, नाहीतर शेजाऱ्यांची वीज मोजाल. घरातलं सगळं बंद करून फक्त इस्त्री लावा. एक युनिट म्हणजे ३६,००,००० वॉट-सेकंद, म्हणून १० लुकलुकी १५ सेकंदांत झाल्या तर:

३६,००,००० ÷ ३२०० × १० ÷ १५ = ७५० वॉट.

थर्मोस्टॅट तापलेली इस्त्री आपोआप बंद करतो, त्याच्या आत मोजून घ्या. इन्व्हर्टर एसीला ही पद्धत चालत नाही, त्याचा वापर सारखा बदलतो. बाकी सगळं बंद ठेवून दोन-तीन तासांच्या केडब्ल्यूएच (म्हणजे युनिट) रीडिंगमधला फरक घ्या. क्लॅम्प मीटरचे (वायरीभोवती लावून प्रवाह मोजणाऱ्या चिमट्याचे) अँपिअर व्होल्टने गुणून आलेला आकडाही वॉट समजू नका. पॉवर फॅक्टर (त्या गुणाकारातला खरा वापर किती, ते प्रमाण) धरला नाही तर पंखे-मोटारींचा वापर जास्त दिसतो.

सगळं बंद असूनही दिवा लुकलुकत असेल तर सेट-टॉप बॉक्स, वायफाय, पाण्याचा फिल्टर यांचे प्लग काढून पुन्हा बघा. १० वॉटचा बॉक्स २४ तास चालू राहिला तर महिन्याला ७.२ युनिट खातो. प्लग काढूनही लुकलुकत राहिलं तर एमसीबी (घरातल्या बोर्डावरचे लाइनवार मुख्य स्विच) एकेक पाडत जा. ज्याने थांबेल त्या लाइनवर गळती असू शकते. तिथून पुढे परवानाधारक इलेक्ट्रिशियनच हवा.