१२ बाय १६चं नटबोल्टचं घर

पूर ओसरला की बेळगावच्या उद्यमबागेतल्या माझ्या वर्कशॉपमध्ये कुणी ना कुणी येतंच. कधी तरुण मंडळ, कधी गावातली चार जाणती माणसं. वर्गणी जमलेली असते, दोन-तीन कुटुंबांना तातडीनं निवारा द्यायचा असतो, आणि पहिला प्रश्न ठरलेला: ‘चौरस फुटाला काय घेणार?’

फॅब्रिकेटरला असं विचारू नका. मी स्वतः फॅब्रिकेटर आहे म्हणून सांगतो. चौरस फुटाचा भाव ठरला की पाइप बारीक होतो. लोखंड किलोवर ठरवा आणि माल काट्यावर घाला. खाली दिलेल्या १२ बाय १६ फुटी घराला ५० बाय ५० मिलिमीटरचे, २ मिलिमीटर जाडीचे, ८ फुटी १४ खांब लागतात. तळाच्या प्लेटा जोडण्याआधी या खांबांचं वजन १०० किलोच्या थोडं वर भरतं. काटा ८०-८५ दाखवत असेल तर १.६ मिलिमीटर जाडीचा पाइप आलाय, परत पाठवा.

१२ बाय १६च का? मदतकार्यात जगभर वापरला जाणारा ‘स्फिअर’ निकष माणशी निदान साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा धरतो. पाच माणसांना साडेसतरा चौरस मीटर झाली, आणि १२ बाय १६ मध्ये ती बसते. दुसरं कारण आमच्या धंद्यातलं. सिमेंट बोर्ड ८ बाय ४ फुटांचा येतो, म्हणून खांब चार-चार फुटांवर ठेवले की बोर्ड रुंदीला कापावा लागत नाही. तिसरं, १२ आणि १६चा कर्ण बरोबर २० फूट येतो. आखणी करताना दोन्ही कर्ण दोरीनं मोजा. दोन्ही २० आले की काटकोन बरोबर, नाहीतर वरचा पत्रा तिरका बसणार.

जागेसाठी आधी गावातल्या म्हाताऱ्या माणसाला गाठा आणि २०१९च्या ऑगस्टमधलं पाणी भिंतीवर कुठवर आलं होतं ते दाखवायला सांगा. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा यांच्या काठच्या गावांत ती खूण लोकांना पाठ आहे. पाणी गुडघ्याच्या आत असेल तर जोतं त्याच्यावर एक फूट घ्या. कमरेला लागलं असेल तर जोतं वाढवण्यात पैसे घालू नका, जागाच बदला. जागा कुणाची आहे ते पीडीओकडून, म्हणजे ग्रामपंचायतीच्या विकास अधिकाऱ्याकडून, कागदावर घ्या. कागद कन्नडमध्ये असेल तर वाचता येणाऱ्याकडून शब्दन् शब्द वाचून घ्या, ‘ठीक आहे’ एवढ्यावर भागवू नका.

पाया हा या घराचा खरा खर्च, आणि लोक नेमके तिथंच हात आखडतात. हलक्या घराला वारा ढकलतो त्यापेक्षा जास्त उचलतो. प्रत्येक खांबाखाली दीड फूट चौरस, दोन फूट खोल काँक्रीट घाला. एका खड्ड्यात ३०० किलोच्या आसपास वजन बसतं, घर धरून ठेवणारं तेच. खानापूरकडे तांबडी, जांभ्याची जमीन आहे, तिथं फार त्रास नाही. चिकोडी-अथणीच्या काळ्या रानात मात्र माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिथं आणखी खोल जा, काळी माती काढून मुरूम थराथरानं धुम्मस करून, म्हणजे ठोकून घट्ट करत, भरा. १२ मिलिमीटरचे अँकर बोल्ट पत्र्याच्या साच्यातून ओळंब्यात बसवा. बोल्ट हलला की प्लेटचं भोक वाढवत बसावं लागतं.

सांगाडा साइटवर वेल्ड करू नका. गावात पुरानंतर लाइट असेलच असं नाही, आणि वेल्ड केलेलं घर परत हलवता येत नाही. भोकं वर्कशॉपमध्येच पाडा, साइटवर फक्त नट आवळायचे पाने लागले पाहिजेत. १२ फुटी कैची, म्हणजे छताचा तिकोनी सांगाडा, दोन तुकड्यांत करा आणि मधे बोल्टनं जोडा, म्हणजे ट्रॉलीत बसते आणि बोळातून वळते. चारही कोपऱ्यांच्या गाळ्यांत, म्हणजे दोन खांबांमधल्या जागेत, तिरप्या पट्ट्या हव्यातच. त्या नसल्या तर घर बाजेसारखं कलतं.

पत्र्याला मधे तीन फूट उंची द्या आणि दोन्ही बाजूंना साडेआठ फुटी पत्रा घ्या. वळचण दीड फुटाच्या वर निघते, खानापूरच्या पावसाला ती पाहिजेच. आमच्याकडे पावसाळी वारा पश्चिमेचा. म्हणून पत्रे पूर्वेकडून लावत या, जोडाचं तोंड वाऱ्याकडे राहत नाही. स्क्रू पन्हळीत नको, उंचवट्यावर मारा, रबरी वॉशरसकट. संध्याकाळी पत्र्यावरचा लोखंडी कीस झाडून काढा, तो गंजला की खाली पत्र्यालाही डाग धरतो.

भिंतींना खालचे दोन फूट चिरा किंवा सिमेंटचा ब्लॉक, वर ८ मिलिमीटरचा सिमेंट बोर्ड. जिप्सम बोर्ड कुणी फुकट दिला तरी घेऊ नका, एकदा भिजला की गेला. मधे फोम भरलेलं पफ पॅनेल थंड असतं हे खरं, पण त्या पैशात तीनऐवजी दोनच कुटुंबं बसतात. उन्हाळ्यासाठी समोरासमोर दोन खिडक्या, वळचणीखाली जाळी, आणि पत्र्याखाली सहा इंच सोडून बांबूचे तट्टे. पत्र्यावर चुना मारला तरी फरक कळतो.

एका बाईनं मला सरळ विचारलं होतं, ‘मामा, घर झ्याक केलासा, खरं न्हाणीचं काय?’ तेव्हापासून न्हाणीचा आडोसा आणि दाराला आतून कडी मी हिशेबात आधीच धरतो. शौचखड्डा विहिरीपासून ३० मीटर तरी लांब.

सांगाड्याच्या प्रत्येक तुकड्यावर नंबर लोखंडी पंचानं ठोका. रंगानं लिहिलेला नंबर रेडऑक्साइडच्या, म्हणजे गंजरोधक रंगाच्या, पुढच्या हाताखाली जातो. त्या कुटुंबाचं पक्कं घर उभं राहिलं की हाच सांगाडा दुसऱ्याला द्यायचा किंवा गोठ्याला वापरायचा असतो. सोडताना गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री डिझेल सोडून ठेवा, आणि दहातले दोन बोल्ट वाया जाणार असं धरूनच जास्तीचे घेऊन जा.