क्लस्टर क्लाउडपर्यंत वाढवताना आधी फायलींकडे पाहा

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकले आणि मे २०२१ मध्ये तौक्ते कोकण किनाऱ्यालगत उत्तरेकडे सरकले. अशा वेळी एकाच वादळाचे अनेक संभाव्य मार्ग धरून लाटांची आणि उधाणाची गणिते करावी लागतात, आणि रत्नागिरीतल्या आमच्यासारख्या छोट्या गटाचा क्लस्टर, म्हणजे जोडून एकत्र चालवलेली मोजकी यंत्रे, अपुरा पडतो. एरवी तीच यंत्रे पुरतात, म्हणून गरजेपुरते क्लाउडचे नोड, म्हणजे दूरच्या डेटा सेंटरमधील संगणक, भाड्याने घेणे योग्य ठरते.

क्लस्टरवरील कामे रांगेत लावून नोडना वाटणाऱ्या स्लर्म या प्रणालीच्या जोडणीची धास्ती घेऊ नका. काम रांगेत आले की क्लाउडमधील नोड सुरू करण्याची आणि रिकामा राहिला की बंद करण्याची सोय स्लर्ममध्येच आहे. मात्र रिझ्यूम टाइमआउट, म्हणजे नोड उठण्यासाठी दिलेली मुदत, मुळात ६० सेकंदांचा असतो आणि तेवढ्यात नोड उठला नाही, तर स्लर्म तो निकामी धरतो. ही मुदत आधी वाढवा. यंत्रांमधील संदेशांची ओळख पटवणाऱ्या म्युंजची किल्ली सर्वत्र एकच हवी आणि घड्याळेही जुळलेली हवीत. वीज वारंवार जाते तिथे घड्याळे जुळवणारा क्रोनी चालू असल्याची खात्री करूनच पुढे जा.

आम्हाला खरे छळले ते सामायिक होम डिरेक्टरीने, म्हणजे सर्व नोडवर दिसणाऱ्या वापरकर्त्यांच्या फोल्डरने. इथला एनएफएस सर्व्हर, म्हणजे नेटवर्कवरून फायली पुरवणारे यंत्र, व्हीपीएनवरून (इंटरनेटवरील खासगी जोडणीतून) मुंबईतील क्लाउडच्या नोडवर माउंट केला, म्हणजे जोडला, की सगळे जागच्या जागी दिसते आणि फसगत तिथेच होते. रांगेच्या यादीत काम चालू दिसते, पण चालू प्रोसेस दाखवणाऱ्या टॉपमध्ये पायथनची प्रोसेस 'डी' अवस्थेत, म्हणजे फाईल येण्याची वाट पाहत, खिळलेली असते, सीपीयू जवळपास शून्यावर असतो आणि भाडे मात्र चढत राहते. पायथनचे एन्व्हायर्नमेंट (प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्ररींचा संच) म्हणजे हजारो बारीक फायली, आणि प्रत्येक फाईल शोधून उघडायला सर्व्हरकडे अनेक फेऱ्या होतात. १०,००० फायली, प्रत्येकी ३ फेऱ्या आणि फेरीला ३० मिलिसेकंद धरले, तर १५ मिनिटे नुसत्या ये-जा करण्यात जातात. खोलीतल्या नेटवर्कवर फेरीला ०.३ मिलिसेकंद धरल्यास तेच काम ९ सेकंदांत उरकते. हे ऐकूनही बहुतेक जण ब्रॉडबँडचा प्लॅन वाढवायला धावतात, म्हणून स्पष्टच सांगतो: बँडविड्थ दुप्पट केली तरी फेरीचा वेळ तोच राहतो.

एन्व्हायर्नमेंट ॲपटेनर या कंटेनर बनवणाऱ्या साधनाच्या एकाच इमेज फाईलमध्ये बांधा आणि ती इनपुटसह नोडच्या स्वतःच्या डिस्कवर उतरवूनच काम सुरू करा. परत आणताना संपूर्ण क्षेत्राचे आकडे न आणता हव्या त्या ठिकाणांचेच आणा, कारण क्लाउडमध्ये डेटा पाठवायला सहसा शुल्क नसते, पण बाहेर काढायला असते. नोडनी सतत एकमेकांशी बोलत करायचे एकच एमपीआय काम अर्धे इथे आणि अर्धे तिथे चालवण्याचा विचार सोडून द्या.

तयार स्क्रिप्टने क्लस्टर झटपट उभे राहते, पण ते का रखडले हे ती स्क्रिप्ट सांगत नाही. माझे मत ठाम आहे: क्लाउडची प्रमाणपत्रे मिळवलेल्यापेक्षा, ज्याने वर्षानुवर्षे फाईल सर्व्हर सांभाळला आहे, असा मार्गदर्शक गाठा. सरावाला पैसेही लागत नाहीत. दोन जुन्या यंत्रांमध्ये लिनक्सच्या टीसी आणि नेटेम या नेटवर्क हाताळणाऱ्या साधनांनी ३० मिलिसेकंदांचा विलंब मुद्दाम घालून आपले काम चालवून पाहा. तिथे ते सुरळीत झाले, तर मुंबईला घाबरण्याचे कारण नाही.

क्लाउडच्या खात्यात कार्डाचे तपशील भराल त्याच दिवशी स्लर्ममधील सस्पेंड टाइम, म्हणजे नोड किती वेळ रिकामा राहिल्यावर बंद करायचा ती मुदत, लावा, कारण मुळात तो लावलेला नसतो आणि क्लाउडची खर्चाची सूचना केवळ कळवते, यंत्र बंद करत नाही. पावसात लाइन तुटली, तर इथल्या स्लर्मचा बंद करण्याचा आदेश क्लाउडपर्यंत पोहोचतच नाही; म्हणून काम नसताना ठरावीक वेळाने नोडने स्वतःच बंद व्हावे, अशी तजवीज तो ज्या सिस्टिम इमेजवरून सुरू होतो तिच्यातच करून ठेवा.