तरवड लावताय? आधी कान बघा, आणि या चुका टाळा

पाऊस उघडून आभाळ निवळलं की बालाघाटाच्या माळावर तरवड पिवळा होतो. आमच्या घरी घटाच्या माळेत तरवडाची फुलं असतातच. देगलूर-बिलोलीच्या पलीकडे तेलंगणात तर याच फुलांशिवाय बतुकम्मा, म्हणजे त्यांच्या सणातला फुलांचा थर, रचत नाहीत. तिकडे याला तंगेडू म्हणतात आणि ते त्या राज्याचं राज्यफूल आहे. अलीकडे आपल्याकडेही बांधावर, शाळेच्या आवारात, घरासमोर तरवड लावायची हौस वाढली आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. पण दरवर्षी लोक मोबाईलवर फोटो दाखवतात, “हा तरवडच ना?” म्हणून विचारतात, आणि बहुतेक वेळा तो तरवड नसतो. तोवर रोपं लावून झालेली असतात. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

पिवळं फूल म्हणजे तरवड, ही सगळ्यात मोठी चूक

फुलावरून ओळखायला जाल तर फसाल. या वंशातली बरीच झाडं पिवळीच फुलतात. मी आधी पानाच्या बुडाशी बघतो. देठ फांदीला जिथं चिकटतो तिथं दोन्ही बाजूंना कानाच्या पाळीसारखी गोलसर हिरवी उपपर्णं असतात आणि ती लवकर गळत नाहीत. लिनियसनं १७५३ मध्ये याला कॅशिया ऑरिक्युलाटा नाव दिलं, त्यातल्या ऑरिक्युलाटाचा अर्थच कानवाला. दुसरी खूण म्हणजे पर्णिकांची, म्हणजे एका देठावरच्या छोट्या पानांची, प्रत्येक जोडी जिथं मिळते तिथं बारीक काडीसारखी एक ग्रंथी उभी असते. कान आहेत, काडी आहे, शेंग चपटी आणि कागदासारखी पातळ आहे, तर तो तरवड. कान नसतील तर माझ्याकडे फोटो पाठवायचीही गरज नाही.

नर्सरीत घोळ होतो तो ‘कॅशिया’ या नावानं. पूर्वी बहावा, तरवड, टाकळा सगळे कॅशियातच होते. १९८२ मध्ये आयर्विन आणि बार्नबी या वनस्पतिशास्त्रज्ञांनी हा पसारा तीन वंशांत वाटला. बहावा कॅशियात राहिला, तरवड-टाकळा सेन्ना या वंशात गेले. पण नर्सरीच्या पाटीवर अजून सगळं कॅशियाच आहे.

केज तालुक्यातल्या माझ्या मावसभावानं असाच ‘कॅशिया’ आणला. त्यानं मागितला होता तरवड. रोपं विकणारा म्हणाला, “कॅशिया हाय, तेच ते.” साठ रोपं बांधावर लागली. पहिल्या वर्षी कुणाला शंका यायचं कारण नव्हतं, कारण गोलसर पर्णिकांच्या आठ-दहा जोड्या दोन्हीकडे सारख्याच दिसतात. दुसऱ्या वर्षी मी गेलो तर कान नाहीत, ग्रंथी नाही. मी म्हणालो, “दादा, हा कासोद आहे. आत्ताच उपटा, हातानं निघेल.” तो म्हणाला, “जगलंय ना? कामून उपटू? राहू दे.” दुष्काळी भागात जगलेलं रोप उपटायला हात धजत नाही, हे मलाही कळतं. पण तरवड असतो माणसाच्या उंचीचा, आणि कासोद हा सयामकडून, म्हणजे आजच्या थायलंडकडून, आलेला मोठा वृक्ष. चौथ्या वर्षी त्याची सावली ज्वारीच्या पाच-सहा ओळींवर पडायला लागली, तिथलं कणीस भरेना. शेवटी तोडायला मजूर लावले, आणि पुढच्या पावसात प्रत्येक बुंध्यातून चार-चार धुमारे परत आले. अजून तो ते काढतोच आहे. तेव्हापासून मी रोप घेताना पैसे द्यायच्या आधी एक पान देठासकट हातात धरून बघतो. विकणारा कंटाळला तरी चालेल.

बाकीचे नातेवाईक थोडक्यात सांगतो. टाकळा, ज्याला कुणी तरोटा म्हणतं, तो पावसाळी रोपटा; पर्णिकांच्या तीनच जोड्या आणि शेंग बारीक, लांब, वाकडी. कोवळ्या पानांची भाजी होते ती याची. कासविंदा टाकळ्यासारखाच गावठाणात उगवतो, पण त्याच्या पर्णिका टोकदार असतात आणि पान चुरगळलं की घाण वास येतो. पश्चिम उत्तर प्रदेशात याच्या बिया खाऊन लहान मुलं दगावल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं आहे, म्हणून शाळेच्या आवारात तो दिसला तर शेंग धरायच्या आधी काढा. बहावा ओळखायला त्याची काठीसारखी लोंबणारी शेंग पुरे.

भुईतरवड हा तरवड नव्हे

नावात तरवड आहे, वंशही तोच आहे, पण भुईतरवड म्हणजे सोनामुखी. पोट साफ करायचं औषध. आमच्या शेजारच्या काकूंना साखरेचा त्रास आहे. तरवडाच्या फुलांचा चहा घेतला की साखर उतरते असं त्यांनी कुठंतरी ऐकलं. पुतण्याला बाजारात पाठवलं. त्यानं जडीबुटीवाल्याकडून सुकी पानं आणली, पुडीवर हातानं ‘भुईतरवड’ लिहिलेलं. काकूंनी दिवसभरात तीन कप काढा घेतला. रात्रभर जुलाब, पहाटे पाय लटपटायला लागले आणि सकाळी तालुक्याला नेऊन सलाईन लावावं लागलं. सोनामुखीच्या पानातली सेनोसाइड नावाची द्रव्यं मोठ्या आतड्याला चालना देतात. ठराविक मात्रेत ते औषध आहे, तीन कप दाट काढा म्हणजे शरीरातलं पाणी काढून टाकणं. पुतण्या म्हणत होता, “मी तरवडच मागितला होता.” नुसतं नाव सांगून वनस्पती घेऊ नका, म्हणतो ते यासाठी.

आणि खऱ्या तरवडाबद्दलही सांगतो. साखरेवरचे प्रयोग मुख्यतः उंदरांवर झालेले आहेत. त्यावर विसंबून गोळ्या बंद करू नका. काकूंनी आता चहा सोडला आहे आणि गोळ्या वेळेवर घेतात.

बी उकळणं, आणि दोन दिवसांत कंटाळणं

तरवडाच्या बियांचं कवच टणक असतं. तसंच पेरलं तर काही उगवतील, काही पुढच्या वर्षी, काही कधीच नाही. हे ऐकल्यावर उतावीळ माणूस बी गॅसवर पाण्यात उकळतो. ते मरतं. माझी पद्धत अशी: पाण्याला उकळी आणायची, भांडं खाली उतरवायचं, दोन-तीन मिनिटं थांबायचं आणि मग ते पाणी वाटीतल्या बियांवर ओतून रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी फुगलेलं बी वेगळं काढून त्याच दिवशी लावायचं. न फुगलेल्यावर पुन्हा तसंच गरम पाणी ओतायचं. तेही जमलं नाही तर सँडपेपरवर बियाची एक बाजू हलकी घासायची. घाई असलेल्यांना हे दोन दिवस फार वाटतात. ते रोपच आणतात, आणि काय आणतात ते वर सांगितलंच.

बी पिशवीत नको, जागेवरच लावा. तरवडाचं सोटमूळ सरळ खाली जातं आणि पिशवीच्या तळाशी वेटोळं घालून बसतं. मी जूनमध्ये दुसरा चांगला पाऊस झाला की खड्ड्यात तीन बिया टाकतो आणि श्रावणात एक ठेवून बाकीच्या काढतो.

रस्त्याच्या कडेचा मोठा तरवड खणून आणू नका. रुंदीकरणात जेसीबी येणार म्हणून एका शाळेच्या पोरांनी पंचवीस झुडपं काढून आवारात लावली. महिन्याभरात पंचवीसही वाळली. मूळ खाली तुटलं होतं. त्यापेक्षा त्याच झुडपांच्या शेंगा गोळा करा म्हणून मी आधी सांगितलं होतं. पोरांचे कष्ट गेले याचं मला आजही वाईट वाटतं.

काळ्या रानात पाणी साचतं तिथं लावू नका. मुरमाड, निचऱ्याची जागा द्या. रोज ठिबक नको. कुंपणावर खर्च नको, जनावरं सहसा तोंड लावत नाहीत. शेंगा येतात म्हणून हरभऱ्यासारखा नत्र देईल अशी आशा धरू नका, सेन्नाच्या मुळांवर तशा गाठी सहसा धरत नाहीत.

हिरवी अळी दिसली की फवारणी

पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या की लोक कपाशीचा पंप पाठीवर घेतात. या अळ्या पांढुरक्या-पिवळ्या फुलपाखरांच्या असतात, आणि त्यांची पिल्लं याच वंशातल्या झाडांवर वाढतात. झाड अर्धं खाल्लं तरी पुन्हा फुटतं. फुलोऱ्यात तर फवारा मारूच नका. तरवडाच्या फुलात मध नसतो. भुंगा पुंकेसरांना मिठी मारून अंग थरथरवतो, तेव्हा टोकाच्या छिद्रातून पराग बाहेर पडतो. सकाळी झुडपाजवळ उभं राहिलात तर तो आवाज कानावर येतो. विष मारलंत तर भुंगा नाही आणि शेंगही नाही.

माळेसाठी फांद्या ओरबाडणं हीसुद्धा चूकच. फुलं हातानं खुडा आणि एका झुडपावरची निम्मी तरी राहू द्या. थंडीत त्यांच्याच शेंगा फिकट तपकिरी होतील. त्या वाळल्यावर कागदी पिशवीत काढा, भोक पडलेलं बी टाकून द्या आणि उरलेलं राखेत मिसळून जूनपर्यंत कोरड्या जागी ठेवा. यंदा कुणाला बी हवं असेल तर पौषात माझ्याकडे या. झुडूप दाखवतो, कान दाखवतो आणि शेंगा तुमच्याच हातानं तोडायला देतो.