हॅकेथॉनची टीम जमवताना
स्मार्ट इंडिया हॅकेथॉन या कॉलेज विद्यार्थ्यांच्या देशव्यापी तंत्रज्ञान स्पर्धेला टीम सहा जणांची लागते. सगळे एकाच कॉलेजचे आणि त्यात किमान एक मुलगी. तिला नुसती नियमापुरती घेऊ नका, विषय निवडतानाच विचारा.

खरी कसरत भेटीची. कॉलेज ठाण्यात असेल, तर एक बदलापूरचा, दुसरा ट्रान्स-हार्बर लोकलने घणसोलीला जाणारा, तिसरा घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये. म्हणून भेट कॉलेज सुटल्या सुटल्या तिथेच उरका. ‘घरी जाऊन येतो’ म्हणणारा परत येत नाही! बदलापूरवाल्याला मात्र संध्याकाळच्या गर्दीआधी सोडा, उरलेलं रात्री ऑनलाइन.

कोड, पीपीटी, सादरीकरण कोणाकडे, हे पहिल्याच दिवशी नावानिशी ग्रुपवर पिन करा. ‘सगळे मिळून करू’ म्हटलं, की आदल्या रात्री एकटाच जागतो.