बॉल पायथनचं पिल्लू खात नाही? या चुका टाळा

बॉल पायथन या आफ्रिकी अजगराचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा साधारण ५० ते ७० ग्रॅमचं असतं. एवढासा जीव घरात आणला की मालकाचा जीव खालीवर होणं साहजिक आहे. एक आठवडा गेला, समोर धरलेल्या उंदराकडे पिल्लू बघतही नाही, की धीर सुटतो. मग रोज नवा उंदीर, रोज नवी जागा, रोज हातात घेऊन तपासणी. पिल्लू न खाण्याचं कारण बहुतेक वेळा या धावपळीतच असतं.

आधी एक हिशेब समजून घ्या. अंड्यातला पिवळा बलक पोटात घेऊनच पिल्लू जन्माला येतं आणि पहिली कात टाकेपर्यंत त्याच्यावरच जगतं. त्याला एक-दोन आठवडे लागतात. त्याआधी खायला देण्यात अर्थ नाही. पुढेही डोळ्यांवर निळसर-दुधी झाक आली की कात जवळ आली असं समजावं आणि कात पडेपर्यंत थांबावं. या काळात त्याला नीट दिसत नाही, ते लपूनच राहतं.

विकत घेताना न विचारणं

ब्रीडरला, म्हणजे पैदास करून विकणाऱ्याला, किंमत विचारली जाते, रंग विचारला जातो. पिल्लानं आतापर्यंत किती वेळा खाल्लं, हे मात्र राहून जातं. निदान तीन वेळा स्वतःहून खाल्लेलंच पिल्लू घ्या. काय खाल्लं तेही नेमकं विचारा: मूषक (लहान जातीचा उंदीर, माउस) की मोठ्या जातीच्या उंदराचं (रॅट) पिल्लू, जिवंत की गोठवून वितळवलेलं. मूषकाच्या वासाला सरावलेलं पिल्लू मोठ्या उंदराच्या पिल्लाला भक्ष्य म्हणून ओळखतच नाही, असं नेहमी घडतं. अशा वेळी मूषकांच्या पिंजऱ्यातला भुसा उंदराच्या पिल्लाला चोळून पाहा. ब्रीडर जे देत होता तेच आधी द्या, बदल नंतर करा.

मोठी, मोकळी पेटी

हौसेनं चार फुटी काचेची पेटी घेतली जाते. आत एक फांदी, एक वाटी आणि चारही बाजूंनी उजेड. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत हा साप दिवस बिळात नाही तर वाळवीच्या वारुळात काढतो. उघड्यावर पडलेल्या पिल्लाला आपणच कुणाचं तरी भक्ष्य होऊ अशी भीती असते, मग ते शिकार कसली करणार? सुरुवातीला लहान प्लास्टिकचा डबा पुरे. हवेसाठी भोकं असलेला, झाकण घट्ट बसणारा. आत दोन लपणं हवीत, एक गरम बाजूला, एक थंड बाजूला. पिल्लाचं अंग भिंतींना टेकेल इतकी ती अरुंद असावीत. नेमकं इथेच लोक चुकतात. पिल्लाला ऐसपैस जागा मिळावी म्हणून मोठं लपणं ठेवतात आणि पिल्लू कोपऱ्यात बसून राहतं.

अंदाजानं तापमान

गरम बाजू ३१-३२ अंश सेल्सिअस, थंड बाजू २५-२६, आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास. हीट मॅटला (डब्याला ऊब देणाऱ्या विजेच्या चटईला) तापमान आवरणारा थर्मोस्टॅट हवाच आणि त्याचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, मॅटच्या पृष्ठभागाला चिकटलेला हवा. हात लावून कोमट वाटलं, एवढ्यावर भागत नाही. सापाचं पचन बाहेरच्या उबेवर चालतं; ऊब कमी पडली तर भूक लागत नाही आणि गिळलेलं उलटून पडतं. उलटी झाली तर निदान १० दिवस काहीही देऊ नका. त्यानंतरचा घास आधीपेक्षा लहान हवा.

थंड उंदीर

या सापाच्या वरच्या ओठावर खाचांची रांग असते. भक्ष्याच्या अंगातली ऊब तो त्यांनीच टिपतो. फ्रीजमधून काढलेला गारढोण उंदीर त्याच्या लेखी दगड. उंदीर रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळू द्या. नंतर झिपच्या पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवा, डोकं जरा जास्त गरम राहू द्या. मायक्रोवेव्ह नको, आतून शिजतो आणि फुटतो. आकार पिल्लाच्या वजनाच्या १० ते १५ टक्के.

अंधार पडल्यावर, खोलीतले दिवे मंद करून, लांब चिमट्यानं उंदीर लपण्याच्या तोंडाशी धरा. नाकावर आपटू नका, हळूच हलवा. पिल्लाची जीभ सावकाश आतबाहेर होऊ लागते, मान इंग्रजी एस अक्षरासारखी मागे ओढली जाते. त्या क्षणी हात स्थिर ठेवा. झडप घातली, वेटोळं पडलं, की चिमटा सोडून खोलीबाहेर पडा. फोटोचा मोह आवरा, कारण दचकलेलं पिल्लू भक्ष्य टाकून देतं. मान मागे घेऊन डोकं वेटोळ्यात लपवलं, तर उंदीर तिथेच ठेवून झाकण लावा. सकाळपर्यंत पडून राहिला तर फेकून द्या आणि पुढचा प्रयत्न पाच ते सात दिवसांनी करा. मधल्या दिवसांत फक्त पाणी बदलायचं, पिल्लाला हातात घ्यायचं नाही.

जिवंत उंदीर डब्यात सोडून झोपी जाऊ नका. न खाणाऱ्या सापाला उंदीर कुरतडतो, त्या जखमा खोल असतात. आणि घरातल्या मोठ्यांनी प्रेमानं वाटीत दूध ठेवलं तर ते उचलून घ्या. सापाला दूध पचत नाही.

तोंड उघडून भरवणं

हे सगळ्यात घातक. जबडा नाजूक असतो, शिवाय धसका बसलेलं पिल्लू पुढे स्वतःहून खायला आणखी वेळ घेतं. निरोगी पिल्लू काही आठवडे उपाशी राहू शकतं. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर आठवड्यातून एकदा डब्यासकट वजन करा, डब्याचं वजा करा, वहीत लिहा. वजन दहाएक टक्क्यांनी उतरलं, पाठीचा कणा वर दिसू लागला, श्वासाला शिट्टीसारखा आवाज आला किंवा तोंडाशी बुडबुडे दिसले, तर सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे जा. वही, तापमानाच्या नोंदी आणि ताजी विष्ठा असेल तर तीही सोबत न्या. भरवायचंच ठरलं तर ते त्यांच्या हातून होऊ द्या.

भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट: नाग, धामण, दिवड, आपला अजगर, यांतलं कुठलंही पिल्लू पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. अंगणात सापडलं तर वनखात्याला कळवा. बॉल पायथन परदेशी असला तरी साइट्स (CITES) या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे आणि याच कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याची नोंदणी बंधनकारक आहे. नोंदणीची कागदपत्रं दाखवू न शकणाऱ्याकडून पिल्लू घेऊ नका.

पहिला घास गेल्यावर दोन दिवस पिल्लाला हात लावू नका. दुसरा घास त्याच वेळी, त्याच चिमट्यानं, त्याच आकाराचा द्या. सलग पाच-सहा वेळा खाल्ल्याशिवाय डबा बदलू नका.