लहान मुलांचा स्पेस मेंटेनर डिजिटल पद्धतीने बनवून घ्यायचाय? मग हे बघा

दुधाची दाढ वेळेआधी काढावी लागली की मागची पक्की दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या प्रीमोलरची (दुधाच्या दाढेच्या जागी येणाऱ्या पक्क्या दाताची) जागा जाते, म्हणून ती जागा राखायला स्पेस मेंटेनर, म्हणजे बँड अँड लूप (शेजारच्या दाढेभोवती कडं आणि त्यातून रिकाम्या जागेवरून पुढच्या दातापर्यंत जाणारी कमान), हे आपल्याला बीडीएसपासून, म्हणजे डेंटल कॉलेजपासून पाठच आहे. वैताग असतो तो बनवण्याचा. बँड बसवा, अल्जिनेटने (मऊ पेस्टने) तोंडाचं माप घ्या, तो बँड मापात परत नीट बसवा, प्लास्टर ओता, लूप सोल्डर करा, आणि तोपर्यंत पोरगं ओकाऱ्या काढून रडकुंडीला आलेलं. डिजिटलमध्ये (तोंडाचा स्कॅन, कॉम्प्युटरवर डिझाइन, मग थ्रीडी प्रिंट) यातलं निम्मं तरी वाचतं.

पण लगेच प्रिंटर घ्यायला धावू नका. मेटलचा मेंटेनर म्हणजे कोबाल्ट-क्रोमची बारीक पावडर लेझरने थरावर थर वितळवून केलेला, ती मशीन लॅबकडेच असते, आपण फक्त फाइल पाठवायची. खरं काम स्कॅनमध्ये आणि डिझाइनमध्ये आहे, प्रिंटिंग त्यामानाने सोपं.

स्कॅन शक्यतो दाढ काढायच्या आधीच घ्या. सॉफ्टवेअरमध्ये ती दाढ पुसून टाकता येते, मेंटेनर तयार ठेवता येतो आणि मूल भूल, रक्त, कापूस या सगळ्याच्या मध्ये असताना तोंडात स्कॅनर घालावा लागत नाही. लहान टिप मिळत असेल तर तीच लावा. आधी स्कॅनर मुलाच्या हातात द्या, त्याच्या बोटाचा स्कॅन करून स्क्रीनवर दाखवा, मग बहुतेक मुलं स्वतःच आ करतात. ज्या दाढेवर बँड येणार तिथून सुरुवात करा, कारण पेशन्स संपायच्या आत तेवढा भाग तरी स्वच्छ मिळायला हवा. कापसाचे रोल लावून लाळ टिपायची, चावायच्या बाजूने जायचं, मग जिभेकडून, मग गालाकडून. हिरडीची कड ओली राहिली की स्कॅनमध्ये ती गुळगुळीत दिसते आणि बँडची कड कुठे थांबवायची तेच कळत नाही. शेवटी बाईट, म्हणजे दात मिटलेले असतानाचा स्कॅन.

आता एक गोष्ट जी बरेच जण विसरतात. ७५ (खालची डावी दुसरी दुधाची दाढ) जाणार असेल तर बँड ३६ वर (तिच्यामागच्या पहिल्या पक्क्या दाढेवर), आणि सात-आठ वर्षांच्या मुलात ३६ च्या मागे अजून दाढच नसते, म्हणजे काम सोपं, फक्त मागच्या बाजूला हिरडीचा पडदा चढलेला नाही ना ते बघा. ७४ (७५ च्या पुढची दुधाची दाढ) जाणार असेल तर मात्र बँड ७५ वर येतो, आणि ३६ आलेली असेल तर तिच्याशी घट्ट कॉन्टॅक्ट असतो. तिथे आधी सेपरेटर (दोन दातांमध्ये बसवायची छोटी रिंग) टाकून जागा करून मग स्कॅन घ्या, नाहीतर बँड तोंडात बसणारच नाही आणि दोष लॅबवर जाईल.

डिझाइन लॅबने केलं तरी फाइनल करायच्या आधी स्क्रीनवर स्वतः फिरवून बघा. प्रिंट केलेलं मेटल स्टीलच्या बँडसारखं लवचिक नसतं, ते फुगवट्यावरून सरकून आत जात नाही, म्हणून बसवायची दिशा ठरवून अंडरकट (फुगवट्याखालचा खोलगट भाग) भरून घ्यायला सांगा, दुधाच्या दाढेत तर नक्कीच, कारण मानेजवळचा फुगवटा जास्त असतो. सिमेंटसाठी थोडी गॅप ठेवायला सांगा. लूप हिरडीपासून साधारण एक मिलीमीटर वर, पुढच्या दाताला टेकलेला आणि आतून इतका रुंद की प्रीमोलर मधूनच वर येऊ शकेल. अरुंद लूप दिसायला छान दिसतो, पण मग नवीन दात आला की अडतो. आणि एसटीएल फाइलमध्ये (लॅबला जाणाऱ्या थ्रीडी फाइलमध्ये) युनिट लिहिलेलं नसतं, त्यामुळे 'मिलीमीटर' असं मेसेजमध्ये वेगळं टाका.

रेझिनचा (प्रकाशाने घट्ट होणाऱ्या प्लास्टिकचा) प्रिंट क्लिनिकमध्येच करायचा मोह होतो, खर्च कमी म्हणून. करा, पण मॉडेलची रेझिन तोंडात कधीच नाही, बाटलीवर तोंडात वापरायचं सर्टिफिकेशन आहे का आणि किती काळासाठी आहे ते वाचा, अल्कोहोलमध्ये धुणं आणि यूव्हीमध्ये क्युअर करणं कंपनी सांगते तेवढा वेळ पूर्ण करा. अर्धवट क्युअर झालेल्या रेझिनमधून मोनोमर (घट्ट न झालेलं कच्चं रसायन) सुटतो आणि ते मूल दिवसभर चघळत असतं. माझ्या मते खायच्या ताणाला लूपसाठी मेटलच बरं, रेझिन थोड्या महिन्यांसाठी ठीक.

बसवताना आधी सिमेंटशिवाय ट्राय करा, चावायला सांगून वरचा दात लूपवर आपटत नाही ना बघा, मग दाढ नीट वाळवून ग्लास आयोनोमर सिमेंटने चिकटवा. पालकांना सांगा, चिक्की, च्युइंगगम बंद, आणि हलायला लागला तर हाताने ओढू नका, घेऊन या. तीन-चार महिन्यांनी सिमेंट सुटलंय का, बँडखाली कीड लागलीय का तपासा आणि प्रीमोलर वर दिसायला लागला की काढून टाका.

मेंटेनर हरवला तर जुन्या फाइलवरून परत मागवता येतो, खरंच सोय आहे. फक्त मध्ये काही आठवडे गेले असतील तर जुनी फाइल नका वापरू, दाढ सरकलेली असू शकते, नवीन स्कॅन घ्या.