हरलेल्या गाण्यांची स्पर्धा कशी भरवावी

युरोव्हिजन या युरोपातल्या देशांच्या दरवर्षीच्या गाण्यांच्या स्पर्धेला एका देशाचं एकच गाणं जातं. ते ठरवायला बऱ्याच देशांत डिसेंबर ते मार्च निवड-स्पर्धा चालतात: स्वीडनची मेलोडीफेस्टिवालेन, इटलीची सान्रेमो, अल्बानियाची तर ऐन नाताळाच्या आसपास. एक गाणं पुढे जातं, बाकीची घरी बसतात. या घरी बसलेल्यांसाठी ओ.जी.ए.ई. ही चाहत्यांची संघटना (स्थापना 1984, फिनलंड) 1987 पासून ‘सेकंड चान्स’ स्पर्धा भरवते. प्रत्येक देशाचा क्लब आपल्याकडचं एक हरलेलं गाणं पाठवतो आणि बाकीच्या क्लबांच्या गाण्यांना गुण देतो. ज्या देशात क्लब नाही तिथल्या चाहत्यांसाठी ‘रेस्ट ऑफ द वर्ल्ड’ नावाचा एक सामाईक क्लब आहे.

तीच गोष्ट मित्रमंडळींतही मस्त जमते. आमच्या ग्रुपमध्ये मी डोंबिवलीची, मावसबहीण स्टॉकहोमला आणि बाकी सगळे तिच्या ऑफिसातले, नाना देशांचे. हिशेबाचं काम माझ्याकडे, कारण एक्सेल बाकी कुणाला उघडायचंच नसतं.

आधी गाणी. किमान अकरा हवीत, कारण प्रत्येकाने दहा गाण्यांना गुण द्यायचे आणि स्वतःच्या गाण्याला द्यायचे नाहीत. जमतच नसतील तर गुणांच्या पायऱ्या कमी करा. गाणं त्याच वर्षीच्या निवड-स्पर्धेत हरलेलं असावं, हा नियम सोडू नका. नाहीतर कुणीतरी दहा वर्षांपूर्वीचं लाडकं गाणं घेऊन येतं आणि बाकीच्यांचा मूडच जातो. काही देश गाणं आतल्या आत ठरवतात, तिथे हरलेलं काही हाती लागत नाही. त्या देशाच्या माणसाला दुसरा देश दत्तक घेऊ द्या.

सगळ्यांचे लाइव्ह व्हिडिओ घ्या किंवा सगळ्यांची स्टुडिओतली गाणी घ्या, सरमिसळ नको. लाइव्हमध्ये एकाचा श्वास ऐकू येतो आणि दुसरीकडे सगळं गुळगुळीत, मग तुलना कसली करणार? मी स्टुडिओच्या बाजूची आहे. आतषबाजी आणि कपडे बाजूला पडले की चाल उरते. युरोव्हिजनची तीन मिनिटांची मर्यादा इथे लावू नका; सान्रेमोची गाणी बहुतेकदा त्याहून लांब असतात आणि कापली की शेवटचा चढ जातो. लिंक सगळ्यांच्या देशात चालते का, हे मात्र आधीच विचारून घ्या. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा.

आता ऐकणं. माझी पद्धत अशी: पहिल्यांदा यादी सलग ऐकायची, काही लिहायचं नाही. मग सकाळच्या लोकलमध्ये एकेक. लेडीज डब्यात ठाण्यापर्यंत धक्काबुक्की चालू असताना ज्या गाण्याचं धृपद कानात टिकतं, ते वरच्या पाचांत. शेवटी घरी हेडफोन लावून, यादी उलटी करून. पहिल्या गाण्यांवर ताजा कान खर्च होतो आणि शेवटच्यांना कंटाळा मिळतो, त्यावर हाच उतारा.

आणि ‘बिचाऱ्यावर अन्याय झाला’ म्हणून गुण देऊ नका. स्पेनची 2022 ची निवड-स्पर्धा, बेनिडॉर्म फेस्ट, घ्या. तान्शुगेइरास या स्पेनच्याच गालिसिया प्रांतातल्या त्रिकुटाने फोनवरच्या मतांत आणि नमुना म्हणून निवडलेल्या प्रेक्षकांतही पहिला नंबर काढला, प्रत्येकी 30 गुण घेतले. परीक्षकांकडून 30 च आले, शनेल या गायिकेला मात्र 51. एकूण शनेल 96 घेऊन पहिली, त्रिकूट 90 घेऊन तिसरं. स्पेनभर आरडाओरडा झाला. पण शनेल पुढे तुरीनमध्ये युरोव्हिजनला तिसरी आली, म्हणजे परीक्षक काही बहिरे नव्हते. असं गाणं तुमच्या यादीत आलं की बातमी विसरून ऐका. आवडलं तर बारा द्या, नाहीतर शून्य.

गुण 12, 10 आणि मग 8 पासून 1. मतं ग्रुपवर टाकायची नाहीत, हिशेबनीसाला वेगळी पाठवायची. हिशेबनीसाने स्वतःची मतं सगळ्यांत आधी दुसऱ्या कुणाकडे देऊन ठेवायची. एका मतपत्रिकेची बेरीज 58. चौदा जण असतील तर शीटच्या तळाशी 812 यायलाच हवेत. 811 आले तर कुणीतरी 6 च्या जागी 5 दोनदा लिहिलंय, शोधा.

बरोबरी झाली तर काय, हे आधी लिहून ठेवा. 1991 ला रोममधल्या युरोव्हिजनला स्वीडन आणि फ्रान्स दोघांचे 146 झाले, बारा गुणही दोघांना सारख्याच वेळा मिळाले होते, शेवटी दहा जास्त वेळा मिळाले म्हणून स्वीडन जिंकलं. आम्ही आधी किती जणांनी गुण दिले ते बघतो, मग बारा मोजतो.

निकाल एकेकाची मतपत्रिका वाचून लावा, बारा सगळ्यांत शेवटी. पत्रिकांचा क्रम हिशेबनीसाने असा लावावा की आघाडी शेवटच्या दोन-तीन पत्रिकांपर्यंत हलत राहील. ही लबाडी नाही, युरोव्हिजनवालेही क्रम विचार करूनच लावतात. वेळ युरोपात दुपारची ठेवा. मेलोडीफेस्टिवालेन काय नि युरोव्हिजनची फायनल काय, आपल्याकडे रात्री साडेबारालाच सुरू होते. तेवढं जागरण वर्षाला पुरे. जिंकणाऱ्याने पुढच्या वर्षी स्पर्धा भरवायची, एक्सेलसकट.